सामाईक पागेची शिस्त

हिंगोली जिल्ह्यात घोडा बाळगणारी कुटुंबे आता थोडी राहिली आहेत. मोटारसायकल आली तेव्हा बाजारहाटासाठी घोड्यावर बसण्याचे कारण संपले, आणि शेतीच्या ओढकामाला तर आपल्याकडे घोडा कधीच नव्हता. तरीही तो नाहीसा झालेला नाही. मेंढपाळांच्या बिऱ्हाडाबरोबर सामान वाहणारी तट्टे आहेत, लग्नाच्या वरातीसाठी घोडी बाळगणारे आहेत, आणि मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून हौसेने शिंगरू विकत आणणारे शेतकरी तर दरवर्षी नव्याने दिसतात. यांपैकी पुष्कळांच्या घरी तबेल्यास जागा नसते. गोठ्यात गुरांच्या दावणीला घोडा बांधला तर तो नीट खात नाही, शेजारच्या बैलास लाथा घालतो आणि शिंगांची इजा स्वतःस करून घेतो. म्हणून दोघाचौघांनी मिळून गावाबाहेर एखादे आवार धरावे, एक छप्पर उभारावे, पाण्याची सोय एकत्र करावी आणि ज्याने त्याने आपापला घोडा सांभाळावा, हा विचार स्वाभाविक आहे आणि योग्यही आहे. अशा जागेस या लेखात सामाईक पागा म्हटले आहे.

इंग्लंडमध्ये ही पद्धत फार रूढ आहे. तेथे मालक भाडे भरून केवळ खण, कुरण आणि पाणी घेतो; लीद काढणे, खरारा करणे, वैरण घालणे ही कामे तो रोज दोन वेळा येऊन स्वतः करतो. भाडे कमी पडते, घोड्याशी संबंध टिकतो. परंतु अशा आवारात नियमांची पाटी दाराशीच लावलेली असते, आणि ती शोभेसाठी लावलेली नसते. एका छपराखाली चार मालक आले की घोड्यांपेक्षा माणसांचीच व्यवस्था अधिक अवघड होते.

आपल्या जिल्ह्यास हा प्रकार सर्वस्वी नवा मात्र नाही. निजामाच्या राज्यातील कंटिंजंट फौजेची हिंगोली ही एक महत्त्वाची छावणी होती, आणि १९०३ साली त्या फौजेचे स्वतंत्र अस्तित्व संपेपर्यंत येथे घोडदळाचा मुक्काम असे. हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा व सरंजाम घेऊन नोकरीस येणारा स्वार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद मराठी वाचकास सांगावयास नको. शिलेदारास दरमहा ठराविक रक्कम मिळे, आणि तीत त्याने स्वतःचे पोट, घोड्याची चंदी आणि वैरण भागवावयाची असे. घोडा त्याचा, पण जागा, पाणी आणि वेळापत्रक सर्वांचे, अशी ही रचना होती. शिलेदारी पलटणींत सामान्यतः दोन स्वारांत मिळून गवत आणणारा एक माणूस आणि ते वाहणारे एक तट्टू असे. घोडा मेला तर स्वार कर्जात बुडू नये म्हणून दरमहा वर्गणी घेऊन एक निधी ठेवीत, आणि त्या वर्गणीस ‘चंदा’ असेच नाव होते. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत बंद झाली; पुढे टँक आले आणि कंटिंजंटच्या घोडदळाचा वारसा सांगणारी डेक्कन हॉर्स ही पलटण रणगाड्यांची झाली. परंतु गवताची वाटणी आणि चंद्याचा निधी या दोन गोष्टी आजही जशाच्या तशा उचलण्यासारख्या आहेत.

त्याहून मागे गेल्यास शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिसते. सभासदाच्या बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे प्रमाण दिले आहे. म्हणजे पाणी आणि खूर या दोन गोष्टी कोणा एका स्वाराच्या मर्जीवर न सोडता त्या काळीही सामाईक ठेवल्या होत्या. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांस महाराजांनी लिहिलेले पत्र तर सर्वश्रुत आहे. त्यातील रयतेविषयीचा भाग नेहमी सांगितला जातो. परंतु घोडेवाल्याने वाचण्यासारखा भाग निराळा आहे. पावसाळ्यापुरती जमवलेली वैरण आजच उधळली तर ऐन पावसात घोडी मरतील, असा इशारा त्यात आहे. चुली, तंबाखूची आग आणि रात्री जळत ठेवलेले दिवे यांमुळे गवताच्या गंजी पेटतील आणि सारी पागा जळेल, हेही बजावले आहे. दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर काय होईल, येथवर तो विचार गेला आहे. सामाईक आवारातील आगीचा प्रश्न याहून नेमका मांडणे कठीण आहे. आज वातीच्या जागी सैल जोडलेली विजेची तार आणि बिडीचे थोटूक आले, इतकाच फरक. कडब्याची गंजी छपरापासून दूर रचावी, पागेत बिडी ओढू नये आणि रात्री घोड्याचे दावे एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधावे, हे तीन नियम कोणत्याही सबबीखाली शिथिल करू नयेत.

दोनदा दिलेली चंदी

आता रोजच्या कामाकडे वळू. सामाईक पागेत घोडा दगावण्याचे सर्वांत सामान्य कारण उपासमार नसते; चुकीच्या वेळी किंवा दोनदा दिलेली चंदी हे असते. समजा, एका मालकाने शेजारधर्म म्हणून पहाटे दुसऱ्याच्या घोड्यालाही हरभऱ्याचा भरडा घातला. तासाभराने तो मालक आला, तोबरा रिकामा पाहून त्यानेही नेहमीचे माप घातले आणि शेतावर निघून गेला. बैलाने एवढे खाल्ले तर तो रवंथ करीत बसेल. घोड्याचे तसे नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकारी करता येत नाही. पोटात गेलेले धान्य आंबते, वायू धरतो, आणि दुपारपर्यंत घोडा पाय आपटू लागतो, वळून स्वतःच्या कुशीकडे पाहतो, घाम फुटून जमिनीवर लोळतो. यास पोटशूळ म्हणतात. यातून वाचलेल्या घोड्याचे खूर पुढे आतून सुजून तो कायमचा लंगडा होण्याचा धोका राहतोच.

म्हणून पहिला नियम असा की, मालकाने सांगितल्यावाचून दुसऱ्याच्या घोड्यास काहीही खावयास घालू नये. गुळाचा खडाही नाही. दुसरा असा की, दाराशी एक काळा फळा टांगावा आणि त्यावर प्रत्येक घोड्यापुढे सकाळची चंदी, पाणी, लीद पडली की नाही, आणि संध्याकाळची चंदी यांची खूण ज्याने काम केले त्यानेच करावी. फळ्यावर खूण नसेल तर काम झाले नाही असे न समजता, फोन करून विचारावे आणि मगच हात लावावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा पागेस भेट दिली तर प्रथम हा फळा पाहावा. तो चार दिवस कोरा असेल तर पुढचे काही विचारण्याची गरज उरत नाही.

खुराकाचे माप ठरविताना घोड्याचे वजन ध्यानात घ्यावे. आपल्याकडील देशी तट्टू सुमारे अडीचशे किलोचे धरले तर त्यास दिवसाकाठी चार ते पाच किलो कोरडी वैरण हवी, आणि ती दोनपेक्षा तीन-चार वेळा विभागून घालणे चांगले. चंदी एका वेळी किलोभराच्या पुढे जाऊ नये. बसून असलेल्या घोड्यास तर ती निम्म्यावर आणावी. आधी वैरण, मग चंदी. पाणी तर चंदीच्या पूर्वीच पाजावे. पाणी मोसमाप्रमाणे पंधरा ते पंचवीस लिटर लागते, मोठ्या घोड्यास याच्या दुपटीपर्यंतही, आणि चैत्र-वैशाखात कामावरून आलेल्या घोड्याची गरज याहूनही वाढते. वैरण किंवा धान्य बदलावयाचे असेल तर आठ-दहा दिवसांत थोडे थोडे करून बदलावे. सर्व घोड्यांची चंदी एकाच वेळी व्हावी, हा नियम वरवर पाहता गैरसोयीचा वाटेल. परंतु शेजारी खात आहे आणि आपणास मिळत नाही हे घोड्यास सहन होत नाही. तो दावण कुरतडतो, भिंतीवर लाथा झाडतो. वेळ एकच ठेवल्यास हा त्रास आपोआप टळतो.

आपल्या भागातील पिकांविषयी येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण गुरांचे आडाखे घोड्यास लावल्याने नुकसान होते. वाळलेला, स्वच्छ कडबा चालतो. जुन्या काळी दख्खनची घोडी त्यावर पोसली गेली. हिरवी ज्वारी मात्र घोड्यास घालू नये. कोवळ्या ज्वारीची किराळ गुरांना लागते हे शेतकऱ्यास ठाऊक असते. घोड्यास ती निराळ्या रीतीने बाधते, त्याचे मूत्राशय सुजते आणि मागचे पाय लटपटू लागतात. बुरशी धरलेला कडबा किंवा मका गाय एखादे वेळी पचवील, घोडा पचविणार नाही. आश्विनात सोयाबीनची रास खळ्यावर पडलेली असते त्या दिवसांत सुटलेला घोडा ही मोठी आपत्ती समजावी. कच्चा सोयाबीन दाणा पोटभर खाल्ला की पोटशूळ ठरलेलाच. एरंडीचा दाणा व पेंड विषारी आहे. देवळाच्या किंवा घराच्या आवारात शोभेसाठी लावलेली कण्हेर तर पानागणिक विषारी आहे, आणि पागेभोवती तिचे कुंपण कधीही करू नये. छाटलेल्या फांद्या वाळल्यावरही त्यांचे विष जात नाही.

याहूनही एक अपरिचित धोका आहे. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिनसारखी औषधे मिसळलेली असतात. कोंबडीस व गुरास ती ठरलेल्या मात्रेत सोसतात. घोड्याच्या हृदयास व स्नायूंस ती अत्यल्प मात्रेतही घातक ठरतात, आणि त्यावर उतारा नाही. ज्या मालकाच्या घरी कोंबड्याही आहेत त्याने आपले पोते सामाईक खोलीत आणून ठेवले आणि दुसऱ्याने ते चुकून उघडले, एवढ्यानेच घात होऊ शकतो. घोड्यासाठी नसलेले कोणतेही पोते पागेच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये.

मालक परगावी असता

शेतकऱ्यास पेरणी आहे, लग्नकार्य आहे, कोर्टाची तारीख आहे. घोड्यास मात्र रविवारही नाही. ‘मी नाही तर कोणीतरी पाहील’ या भरवशावर सामाईक पागा मोडते. म्हणून जो जाणार आहे त्याने कोणा एकाचे नाव घेऊन काम सोपवावे, त्या माणसाने होकार द्यावा, आणि ते नाव फळ्यावर लिहावे. सर्वांना सांगितलेले काम कोणासही सांगितलेले नसते. बदली कामाचा हिशेब पैशात करण्यापेक्षा पाळीत करावा; दोन सकाळी तुमच्या, दोन माझ्या. पैशाचे व्यवहार या लहान गोष्टींत आले की महिन्याभरात बोलणे बंद होते, असा अनुभव सहकारी कामांत सर्वत्र येतो.

एक गोष्ट मात्र तोंडी ठेवू नये. मालक सापडत नसता घोडा आजारी पडला तर पशुवैद्यास कोणी बोलवावे, किती खर्चापर्यंत निर्णय घ्यावा, आणि घोडा वाचण्यासारखा नसल्यास त्यास वेदनामुक्त करण्यास कोणी संमती द्यावी, हे प्रत्येक मालकाने आधीच लिहून व सही करून ठेवावे. हा विषय काढणे अशुभ वाटते आणि म्हणून तो राहून जातो. परंतु पोटशुळाने तळमळणाऱ्या घोड्यापुढे तीन माणसे एकमेकांकडे पाहात उभी राहतात आणि मालकाचा फोन लागत नाही, त्या दोन तासांतच घोडा जातो. शिलेदारांच्या चंद्याप्रमाणे दरमहा थोडी रक्कम एकत्र ठेवली तर पहिल्या भेटीचा व औषधाचा खर्च त्यातून निघतो आणि कोणास कोणाच्या खिशाकडे पाहावे लागत नाही.

पशुवैद्य येईपर्यंत काय करावे याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. खाणे ताबडतोब काढून घ्यावे. घोडा सावकाश चालत असेल तर थोडे चालवावे. पळवू नये, आणि दमलेल्या घोड्यास बळेच ओढूही नये. तेल, सोडा किंवा काढा नळीने पाजण्याचा प्रयत्न करू नये, कारण तो फुप्फुसात गेल्यास दुसरेच दुखणे उभे राहते. नाडी जबड्याच्या आतल्या कडेस बोटांनी लागते. स्वस्थ घोड्याची ती मिनिटास २८ ते ४४ असते, लहान तट्टाची क्वचित याहून थोडी अधिक. शरीराचे उष्णमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असावे. हे आकडे आणि शेवटची लीद केव्हा पडली ते फोनवर सांगता आले तर पशुवैद्याचे काम सोपे होते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तालुक्याच्या दवाखान्याचा क्रमांक त्याच्या शेजारी खडूने नव्हे, रंगाने लिहावा. मोठ्या दुखण्यासाठी परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय आपल्यास जवळ आहे.

खरारा ज्याचा त्याचा

शिलेदारीतील सर्व गोष्टी सामाईक कराव्यात असे मात्र नाही. बादली, तोबरा, खरारा, लगाम आणि अंगावरची झूल ही ज्याची त्याची वेगळी असावी, तिच्यावर रंगाने खूण असावी, आणि घाईच्या वेळीही ती उसनी देऊ नये. यात कंजूषपणा नाही. ग्लँडर्स नावाचा रोग एकाच्या नाकातील स्रावाने दुसऱ्याच्या पाण्यात उतरतो. त्यावर लस नाही, आणि रोगी घोड्यावर उपचार न करता त्यास वेदनारहित रीतीने मारावे लागते; त्याची भरपाई देण्याची तरतूद आहे. हा रोग माणसासही होतो आणि प्राणघातक ठरू शकतो. २००६ साली तो महाराष्ट्रातच पुन्हा आढळला आणि नंतरच्या वर्षांत इतर राज्यांतही दिसला. नाकाच्या एका किंवा दोन्ही पुड्यांतून घट्ट, चिकट शेंबूड, नाकाच्या आत व्रण, पायांवर गाठी फुटून वाहणे, अंग झडणे, यांपैकी काहीही दिसले तर घोडा वेगळा बांधावा आणि ग्रामपंचायतीस व पशुवैद्यास कळवावे. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याने असे कळविणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. शेजारच्या मालकाने ते लपविले, तर त्याची किंमत चौघांचे घोडे आणि चौघांची मुले देतील.

पावसाळा संपता संपता गोमाशी वाढते आणि तिच्या दंशाने सर्रा पसरतो. येऊन जाऊन ताप, पोटाखाली व पायांवर सूज, खाणे असूनही वाळत जाणे ही त्याची लक्षणे होत. रक्त तपासल्यास तो कळतो आणि वेळीच औषध दिल्यास आटोक्यात येतो. लिदीचा ढीग पागेस लागून असल्यास इतर माश्यांनाही आमंत्रण मिळते, म्हणून तो दूर असावा. येथे नेहमीचा वाद उद्भवतो तो खताच्या मालकीचा. हळदीच्या शेतास लीदखत चांगले, आणि वसमतकडील शेतकरी ते आनंदाने नेईल. पागा सुरू करतानाच ठरवावे की खत विकून येणारी रक्कम सामाईक निधीत जाईल. मग लीद काढण्यास कोणी टाळाटाळ करीत नाही, हा अवांतर फायदा.

खूर रोज साफ करावेत. काळ्या जमिनीचा चिखल खुरात सुकून बसला की आत कुजण्यास वेळ लागत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटले पाहिजेत. नालबंद लांबून येत असल्याने सर्वांनी एकच दिवस ठरविल्यास प्रत्येकाचा खर्च कमी होतो, आणि पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद ठेवण्याचे जुने प्रमाण का होते ते आपोआप समजते. धनुर्वाताची लस घोड्यास अवश्य टोचावी. खिळ्याच्या बारीक जखमेने मरणारा घोडा लसीच्या किमतीने वाचला असता.

मालेगावची यात्रा मार्गशीर्ष वद्यात भरते आणि तेथे दूरदूरचे घोडे एकत्र येतात. तेथून आणलेला घोडा, किंवा नुसता दाखवून परत आणलेला आपलाच घोडा, थेट पागेत घेऊ नये. तीन आठवडे तो निराळ्या जागी, निराळ्या बादलीने ठेवावा, रोज उष्णमान घ्यावे, ग्लँडर्सची रक्ततपासणी पशुवैद्याकडून करून घ्यावी, आणि त्याचे काम इतर घोड्यांचे आटोपल्यावर शेवटी करावे. वेगळे ठेवण्याचा पहिला दिवस आणि शेवटचा दिवस फळ्यावर लिहावा, व शेवटच्या दिवसाची खूण मालकाने नव्हे, पागेतील दुसऱ्या कोणी तरी करावी.